थोरांची बालवाडी

महिपत आंब्यावरून पडला तेव्हा त्याची तिशीही उलटली नव्हती. वैशाखाचे दिवस, बागायतदाराची घाई, आणि शेंड्याकडे राहिलेले चार आंबे काही केल्या हातातल्या घळीच्या, आंबे काढायच्या लांब काठीच्या, जाळीत येईनात. मग घळ खाली सोडून त्यानं हात लांबवला आणि फांदीनं दगा दिला. खाली कातळ होता. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. सिव्हिल हॉस्पिटलातून चौघांनी त्याला परटवणे आळीतल्या घरी आणून पडवीतल्या खाटेवर ठेवलं, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि आपापल्या वाटेनं गेले. मागे उरली त्याची आई, सोनूबाई.

सोनूबाईचा नवरा फार आधी वारलेला. मुलगी तुळसा देवरूखला दिलेली, तिचा संसार तिला पुरून उरत होता. महिपतसाठी एक मुलगी बघून ठेवली होती, त्या लोकांनी दुसरीकडे जमवलं. सोनूबाईनं त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. त्या मुलीच्या आईच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, एवढंच ती म्हणाली आणि तो विषय तिथंच मिटला.

एसटी स्टँडजवळच्या एका खानावळीत ती भाकऱ्या थापायला जायची. जाण्याआधी महिपतच्या काखेत हात घालून त्याला उठवायचं, धुवायचं, पुसायचं, पेज भरवायची नाही पण समोर धरून बसायचं, कारण एकटा असला की तो पेज तशीच ठेवायचा. मग उशाशी पाण्याचा तांब्या, डाव्या हाताला रेडिओ, आणि दार नुसतं ओढून घ्यायचं. सुरुवातीला खाट रस्त्याकडे तोंड करून होती. येणारे जाणारे थांबून 'कसं काय महिपत' विचारायचे. वर्षभरानं त्यानं आईला खाट फिरवायला लावली. तेव्हापासून तो भिंतीकडे बघत असायचा.

अशी बरीच वर्षं गेली. सोनूबाईला त्यात काही वेगळं वाटेनासं झालं होतं. तिचं वय वाढत होतं, महिपतचं अंग बसून बसून जड होत होतं, आणि तरी रोज सकाळी ती त्याला उचलतच होती.

एका पावसाळी दुपारी ती खानावळीतून परतली तर महिपत खाटेखाली जमिनीवर पडलेला. तांब्या लवंडला होता, तो धरायला गेला आणि तोल गेला. केव्हा पडला ते त्यानं सांगितलं नाही. ओल्या जमिनीवर गालाला माती लागली होती, पायांवर मुंग्या चढल्या होत्या आणि त्याला त्या कळत नव्हत्या. सोनूबाईनं आधी मुंग्या झटकल्या. मग त्याला वर घ्यायला वाकली आणि तिच्या कमरेत अशी काही कळ आली की तीही तिथंच बसली. मायलेक बराच वेळ जमिनीवर शेजारी शेजारी बसून राहिले. शेवटी शेजारच्या भागोजीची रिक्षा दारात थांबली तेव्हा त्यानं येऊन महिपतला खाटेवर घेतलं.

भागोजीनंच ही गोष्ट आनंदीबाईंच्या कानावर घातली.

आनंदीबाई सिव्हिलमध्ये नर्स होत्या. महिपत तिथं पडून होता तेव्हा त्याची पाठ पुसलेली त्यांना आठवत होती. निवृत्त झाल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. एक्याऐंशी साली जगभर अपंग वर्ष म्हणून गाजावाजा झाला, भाषणं झाली, तेव्हा त्यांनी चार माणसं जमवून एक मंडळ काढलं, खेटे घालून घालून सरकारी अनुदान मिळवलं आणि एका बंद पडलेल्या दवाखान्याची कौलारू जागा मागून घेतली. सकाळी भागोजीची रिक्षा जाऊन घराघरातून म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि अधू माणसांना घेऊन यायची. दिवसभर तिथं त्यांची ऊठबस, औषधपाणी, दुपारचं जेवण. संध्याकाळी परत आपापल्या घरी. घरची माणसं तेवढ्यात कामधंदा करून घ्यायची. पाटीवर मोठं नाव होतं, पण गावात सगळे त्याला थोरांची बालवाडी म्हणायचे. काही चेष्टेनं, काही सवयीनं.

आनंदीबाई परटवण्याला येऊन महिपतशी बोलल्या. त्यानं भिंतीकडचं तोंड वळवलंसुद्धा नाही. म्हाताऱ्यांमध्ये जाऊन बसायला मी म्हातारा नाही आणि बालवाडीत जायला मी पोर नाही, असं तो म्हणाला. बाईंनी आग्रह केला नाही. रिक्षा रोज या रस्त्यानंच जाते एवढं सांगून त्या उठल्या.

त्या गेल्यावर सोनूबाई चुलीपाशी गेली, पण काही शिजवायला घेईना. पुन्हा पडवीत आली आणि खाटेच्या कडेला बसली.

"म्हैपत," ती म्हणाली, "तुझ्यासाठी नको जाऊस. माझ्यासाठी जा."

तिनं त्याच्या पायांवरची चादर सारखी केली.

"माझी कंबर गेली रे. मला दुपारची जरा पाठ टेकायची हाय. तू हितं एकटा असलास की खानावळीत हात भाकरीवर नि जीव हितं. किती वर्सं झाली, मी नीट निजले नाय."

इतक्या वर्षांत तिनं त्याच्याजवळ स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आपल्या तोंडून हे कसं गेलं याचंच तिला नवल वाटलं आणि थोडी लाजही वाटली. महिपतनं हात मागे नेऊन तिचा हात चाचपला, धरला. दुसऱ्या दिवशी भागोजीची रिक्षा आली तेव्हा उचलून घ्यायला त्यानं आपणहून हात पुढे केले.

तो गेल्यावर घर असं रिकामं झालं की सोनूबाईला त्यात पाय ठेववेना. खानावळीतून ती परत आली, अंथरूण घातलं, आडवी झाली आणि डोळा लागतो न लागतो तोच दचकून उठली. महिपतनं हाक मारली असं वाटलं होतं. खाट रिकामी होती. मग तिला काही राहवेना. पदर खोचून ती चालत चालत बालवाडीपाशी गेली आणि कुणाला दिसणार नाही अशी खिडकीच्या बाजूला उभी राहिली.

आत चटईवर पत्त्यांचा डाव पडला होता. महिपत भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या शेजारी मांडवीचा केरू तांडेल होता. एके काळी मचवा घेऊन पार मंगळूरपर्यंत जाऊन आलेला हा माणूस. अंगावरून वारं गेलं त्यात त्याचा उजवा हात आणि वाचा दोन्ही गेली होती. डावा हात थरथरायचा, त्यात पत्ते राहायचे नाहीत. म्हणून महिपतनं आपले पत्ते मांडीवर पालथे टाकले होते आणि दोन्ही हातांनी केरूचे पत्ते पंख्यासारखे धरून त्याच्या तोंडासमोर धरले होते. मान मात्र त्यानं पलीकडे फिरवलेली होती, कारण समोरासमोरच्या डावात दुसऱ्याचे पत्ते बघायचे नसतात. केरू बोटानं दाखवेल तो पत्ता तो न बघता ओढून खाली टाकत होता. टाकल्यावर कुठला पडला ते बघून मग आपला विचार करत होता. एका हाताला केरूनं असा काही पत्ता दाखवला की महिपत हरला, आणि हरला म्हणून हसला.

सोनूबाईनं खिडकीचा गज धरला. मुलगा हसताना कसा दिसतो ते ती विसरली होती. ती कुणाला न सांगता मागच्या मागे घरी आली, अंथरुणावर पडली, आणि पार दिवेलागणीला रिक्षेचा आवाज आला तेव्हा जागी झाली.

त्यानंतर महिपत रोज जाऊ लागला. दाढी करायला आरसा मागू लागला. संध्याकाळी आल्यावर आईला सांगायला त्याच्याकडे काहीतरी असायचं. केरूच्या सुनेनं आज काय डबा दिला, आनंदीबाई कुणावर रागावल्या, कोण पेज सांडून दुसऱ्याचं नाव सांगत होतं. केरूला बोलता येत नसलं तरी महिपतला त्याचं सगळं कळायचं. 'आज तांडेलाचं डोकं दुखत होतं' असं तो सांगायचा, जणू केरूनं त्याला तसं तोंडानं सांगितलं होतं. एक दिवस तो आईला म्हणाला, खाट जरा रस्त्याकडे कर. सोनूबाईनं ती कुणाला न बोलावता, ओढत ओढत, लगेच फिरवली.

सुखाचे असे दोनेक पावसाळे गेले. मग एका सकाळी विहिरीवरून घागर घेऊन चढताना शेवाळलेल्या चिऱ्यावरून सोनूबाईचा पाय सरकला. मांडीचं हाड वरच्या बाजूला मोडलं. सिव्हिलमध्ये तिला वजन बांधून ठेवलं. तोवर महिपतला सकाळ संध्याकाळ भागोजी आणि त्याची बायको बघत होती. तुळसा देवरूखहून धावत आली, रडली, आणि आईला आपल्याकडे घेऊन जाते म्हणाली. भावाचं तिनं काही म्हटलं नाही. तिच्या घरी सासूसासरे होते, दीर होते, माडी चढून जायचं होतं. सोनूबाईला ते सगळं कळत होतं. तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मी हितंच बरी आहे म्हणून सांगितलं.

घरी आली ती काठी घेऊनच. खानावळ सुटली. महिपतला उचलणं तर दूरच, तिला स्वतःला उठायला खाटेचा पाय धरावा लागे. आनंदीबाई पुन्हा एकदा परटवण्याला आल्या. या वेळी त्यांनी विचारलंही नाही. उद्यापासून रिक्षा दोघांना न्यायला येईल, असं त्यांनी सांगून टाकलं.

पहिल्या दिवशी रिक्षेत बसताना सोनूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर ती करणारी होती. आता तिचं कुणीतरी करायचं होतं. बालवाडीच्या दारात ती थबकली. आतून महिपतनं आपल्या शेजारची चटई हातानं पुसली, जागा केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ही माझी आय." केरूनं डावा हात कपाळाकडे नेऊन नमस्कार केला.

दुपारी पानं मांडली. गरम भात, कुळथाची पिठी, वर तळलेला एक सांडगा. वाढणारी बाई वाकून सोनूबाईच्या पानात वाढत होती आणि शेजारी महिपत जेवत होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं, तो पडला तेव्हापासून आपण दोघं एकत्र असे कधी जेवलोच नाही. त्याचं झाल्यावर उरलेलं, निवलेलं, चुलीपाशी उभ्यानं असं तिचं जेवण असायचं. तिनं पहिला घास घेतला आणि थोडा वेळ तसाच तोंडात ठेवला.

"काय गो, तिखट हाय?" महिपतनं विचारलं.

"नाय रे. गरम हाय," ती म्हणाली.

थंडीचे दिवस संपत आले तेव्हा वरच्या कार्यालयातून एक साहेब तपासणीला आला. तरुण पोरगाच होता, बोलायला मऊ. त्यानं सगळ्यांची विचारपूस केली, चहा घेतला, केरूच्या हातात हात दिला. मग आनंदीबाईंना बाजूला घेऊन त्यानं जे सांगितलं ते सोनूबाईला बसल्या जागी ऐकू आलं. म्हाताऱ्यांचं अनुदान एका खात्याचं आणि अपंगांचं दुसऱ्या. अपंग वर्षाच्या उत्साहात कुणीतरी दोन्ही मिळून मंजूर केलं होतं, पण आता हिशेबतपासणीत त्यावर बोट ठेवलं गेलं. एका छपराखाली दोन खाती चालत नाहीत. साठीच्या वरची माणसं इथं राहतील, त्यांचं अनुदान चालू. अपंगांसाठी दुसऱ्या खात्याच्या संस्था आहेत, पण त्या मुक्कामाच्या, दूरच्या, आणि धंदेशिक्षणाच्या. तिथं तरुण मुलं घेतात. महिपतचं वय त्यात बसत नव्हतं.

"मग हा माणूस कुठे बसतो?" आनंदीबाईंनी विचारलं.

साहेबानं हातातली फाईल मिटली. मग म्हणाला, "बाई, सध्या कुठेच नाही." त्याला ते सांगताना बरं वाटत नव्हतं, हे सोनूबाईला दिसत होतं. म्हणून तिला त्याचा रागही धड येईना.

नवीन वर्षाचं अनुदान आलं ते फक्त म्हाताऱ्यांचं. सोनूबाईची जागा पक्की झाली आणि महिपतची गेली. त्या सकाळी रिक्षा दारात आली तेव्हा महिपत आईला म्हणाला, तू जा, तिथं गरम जेवशील, मी रेडिओ ऐकत पडेन. त्यानं हे अगदी सहज म्हटलं. खाट रस्त्याकडे होती, पण त्याची नजर पुन्हा भिंतीवर गेली होती. सोनूबाई काठी टेकत दारापर्यंत गेली आणि परत आली.

तिनं भागोजीला सांगितलं, "तो नाय तर मी बी नाय."

भागोजी खाली उतरला. रिक्षा माझी आहे, मी महिपतला आपल्या जबाबदारीवर नेतो, कोण विचारतंय, असं तो म्हणू लागला. पण रिक्षेतून नेऊन प्रश्न सुटणार नव्हता. तिथं त्याला उचलायला, बसवायला, जेवायला घालायला जी माणसं होती तीही अनुदानावरच होती. आणि आपल्यामुळे आनंदीबाईंवर बालंट यावं हे महिपतला नको होतं. तेव्हा मायलेक घरीच राहिले. भागोजीची बायको सकाळी डोकावून जाई. बाकी दिवसभर एक खाटेवर आणि एक खाटेशेजारी चटईवर. सोनूबाई पेज शिजवायची, ती निम्मी सांडायची. तिला पाण्याचा हंडा हलवता येत नसे, तर महिपत खाटेवरून हात लांबवून तो धरायचा आणि ती कलता करायची. लुगडं नेसताना तिचा तोल जायचा. तेव्हा तो पाठ फिरवून, मान पलीकडे वळवून, नुसता एक हात मागे धरायचा आणि ती त्या हाताला धरून निऱ्या करायची.

एक दिवस निऱ्या करता करता ती थांबली आणि मागे धरलेल्या त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं भागोजीला हाक मारली आणि आनंदीबाईंकडे निरोप धाडला, की गावच्या कारभाऱ्यांपुढे हा विषय कधी यायचा असेल तेव्हा मला न्या.

आनंदीबाईंचे खेटे चालूच होते. वरून नाही तर नाही, पण गावच्या नगरपालिकेनं तरी महिपतसारख्यांचा भार उचलावा, असा अर्ज त्यांनी दिला होता. काही सभासद अनुकूल होते, काहींचं म्हणणं होतं की गटारं आणि दिवे सोडून असल्या गोष्टीत पालिकेनं पडू नये. शेवटी वैशाखात बैठकीत विषय निघायचा ठरला, आणि संस्थेच्या माणसांना दोन शब्द बोलायची परवानगी मिळाली.

महिपतही हट्टानं आला. बैठक वरच्या मजल्यावर होती. दोन शिपाई पुढे आले, खुर्चीत बसवून वर नेतो म्हणाले. महिपतनं जिन्याकडे बघितलं, मग आईकडे.

"मी हितंच थांबतो," तो म्हणाला. "आये, तू जा."

सोनूबाई एकेक पायरी चढली. काठी वर, मग चांगला पाय, मग मोडका. मागून आनंदीबाई हात पुढे करून चालत होत्या, पण तिनं तो घेतला नाही. मध्येच दम लागला तेव्हा कठड्याला धरून तिनं खाली पाहिलं. महिपत रिक्षेत बसून वरच बघत होता.

वरच्या खोलीत लांब टेबल, पंखे, खूप माणसं. आनंदीबाईंनी बोलायला सुरुवात केली, केंद्रात किती जण येतात, घरच्यांना त्याचा कसा आधार होतो वगैरे सांगितलं. समोर एक जण घड्याळ बघत होता. आनंदीबाई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, माझ्यापेक्षा या बाईंचंच ऐका.

सोनूबाईला बसून बोला म्हणाले. ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभीच राहिली. घरून जे जे घोकून आली होती ते सगळं नाहीसं झालं होतं. मग डोळ्यासमोर जे आलं तेच ती बोलली.

"साहेब, मी म्हातारी हाय नि माझा लेक पांगळा हाय. सरकारच्या कागदात आमी दोन जागी असू. घरात आमची एकच खोली हाय. सकाळी मी पेज करते, तो हंडा धरतो. मी लुगडं नेसते तर तो तोंड फिरवून मला हात देतो. त्याचा हात नसला तर मी पडेन, मी नसले तर तो पडेल. आता माझ्यासाठी रिक्षा येते. तुमीच सांगा, मी त्याला खाटेवर टाकून त्या रिक्षेत कशी बसू?"

घड्याळ बघणारा आता खाली टेबलाकडे बघत होता.  सोनूबाईला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, लुगड्याचं बोलायला नको होतं.

टेबलाच्या टोकाला एक वयस्क सभासद बसले होते, दामले म्हणून, जुने वकील. गटारं आणि दिवे एवढंच पालिकेचं काम, असं म्हणणाऱ्यांपैकी ते एक. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, मुलगा आत्ता कुठे आहे. खाली आहे, रिक्षेत, जिना चढवत नाही म्हणून, असं आनंदीबाईंनी सांगितलं. दामले उठले. खिडकीपाशी गेले आणि खाली बघून आले. परत बसताना त्यांनी टेबलाला धरून गुडघा जपून वाकवला.

"पुढल्या वर्षी हा जिना मलाही जमेलसं वाटत नाही," ते म्हणाले. "मला वाटतं, हा विषय आपण संपवूनच उठावं."

वादावादी झालीच. कुठल्या खर्चातून द्यायचं, पायंडा पडेल त्याचं काय, असं पुष्कळ झालं. सोनूबाईला त्यातलं थोडंच कळलं. शेवटी ठरलं ते असं, की वरून काही तोड निघेपर्यंत एक वर्ष महिपतसारख्यांचा खर्च पालिका करील, मात्र रिक्षेची एकच फेरी, आणि केंद्र दुपारच्या चहाआधी बंद. मागितलं होतं त्याच्या निम्मं म्हणा. आनंदीबाईंचं तोंड उतरलं होतं. सोनूबाईला मात्र एवढंच ऐकू आलं होतं, की रिक्षा एक आहे आणि त्यात दोघांना जागा आहे.

उतरताना दामले तिच्याबरोबर खाली आले. दोघांनी दोन बाजूंचे कठडे धरले होते आणि दोघंही सारखीच हळू उतरत होती. खाली येऊन त्यांनी महिपतशी हात मिळवला, आणि पत्ते कोणते खेळता म्हणून विचारलं. आनंदीबाईंनी बहुधा आधीच काही सांगून ठेवलं असावं.

महिपत परत गेला त्या दिवशी केरू तांडेल दाराशीच येऊन बसला होता. इतक्या दिवसांत त्यानं दुसऱ्या कुणाला आपले पत्ते धरू दिले नव्हते. महिपतला चटईवर टेकवलं तसा त्यानं डाव्या हातानं त्याचा दंड पकडला आणि संध्याकाळपर्यंत, म्हणजे आता दुपारपर्यंतच, सोडला नाही.

श्रावणात केरू गेला. झोपेतच गेला. महिपतनं रिक्षेतून मांडवीला जाऊन त्याचं दर्शन घेतलं. मग आठवडाभर तो बालवाडीत गप्प होता. कुणी पत्ते काढले तर नको म्हणायचा. नंतर एक नवीन म्हातारी येऊ लागली, जिला डोळ्यांनी अजिबात दिसत नव्हतं. तिला सोबत म्हणून तो पेपर मोठ्यानं वाचू लागला. आधी फक्त तिच्यासाठी, मग हळूहळू सगळेच जवळ सरकून बसायला लागले.

वर्ष संपताना वरून मंजुरी आली. म्हातारे आणि अपंग एकत्र चालतील, असा खुलासा त्यात होता, पण पैसे होते तेवढेच, त्यामुळे दुपारच्या चहाचा प्रश्न राहिलाच. तो आनंदीबाई अजून लढवत होत्या.

अशाच एका दिवशी केंद्र सुटल्यावर बाकीच्यांना सोडून भागोजीनं रिक्षा परटवण्याकडे वळवलीच नाही. सोनूबाईनं विचारलं तर तो म्हणाला, काकी, आज घरी घाई आहे का काही? आणि त्यानं सरळ भाट्याच्या पुलावर नेऊन गाडी कडेला लावली. तो स्वतः बिडी ओढायला पलीकडे गेला.

खाली खाडीचं पाणी समुद्राला मिळत होतं. भरतीची वेळ होती. होड्या आत येत होत्या. महिपत पुढे झुकून बघत होता. पडल्यापासून तो इकडे आला नव्हता.

सोनूबाईनं बऱ्याच दिवसांचं मनात होतं ते विचारून टाकलं. "म्हैपत, मी नसले म्हंजे रे?"

 एक होडी पुलाखालून जाईपर्यंत तो त्या होडीकडे बघत राहिला.

"सकाळी भागोजी येईल," तो म्हणाला. "मी बाईंकडे जाईन. त्या म्हातारीला पेपर वाचून दाखवीन. दुपारी तुझी आठवण येईल, जेवताना. पण जेवीन मी, आये. पान पुढ्यात आलं की जेवीन."

सोनूबाईनं मान हलवली. तिला तेवढंच हवं होतं. वारा सुटला होता म्हणून तिनं आपल्या पदराचं टोक त्याच्या खांद्यावर टाकलं, आणि तो चाळिशीला आलेला माणूस ते तसंच राहू देऊन होड्या बघत बसला.